मशीन फक्त स्ट्राइक टाकतं: टिळकवाडीतल्या तासावारी बेसबॉल नेटचं परीक्षण

बेळगावात बॉक्स क्रिकेटचे टर्फ आता भागाभागात झालेत. त्यांतल्याच एका टर्फवर, टिळकवाडी आणि उद्यमबागच्या मधल्या पट्ट्यात, क्रिकेट नेटची एक लेन ठरावीक वेळी बेसबॉलच्या बॅटिंगसाठी तासावर मिळते. भाडं क्रिकेटच्या लेनइतकंच. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून विद्यापीठ संघाच्या निवडीला उतरणारी मुलंमुली इथं येतात. त्यांच्यासाठी टर्फवाल्यांनी एक वेगळा तास आखलाय. आपला रनर (धाव काढायला थांबलेला खेळाडू) बेसवर, दोन आउट, एका धावेनं मागे, अशा अडलेल्या वेळी होम प्लेटपाशी बॅट घेऊन उभं राहून नेमकं काय करायचं, याचा हा सराव. तासाचे चार भाग आहेत: दहा मिनिटं टी (चेंडू ठेवून मारायचा दांडा), पंधरा मिनिटं समोरून हलका टॉस, पंधरा मिनिटं चेंडू फेकणारं मशीन आणि उरलेली वीस मिनिटं माणूस चेंडू टाकतो आणि प्रसंगाची कार्डं खेळली जातात.

निकाल आधीच सांगून टाकतो. पैसे वसूल होतात ते त्या शेवटच्या वीस मिनिटांत. मशीनचा भाग सगळ्यांना सगळ्यात जास्त आवडतो आणि अटीतटीच्या बॅटिंगसाठी त्याचाच उपयोग सगळ्यात कमी. मशीन एकामागून एक स्ट्राइक (प्लेटवरून, मारण्याजोग्या उंचीतून येणारा चेंडू) टाकत राहतं. अडलेल्या वेळी समोरचा पिचर मात्र तुम्हाला मारण्याजोगा स्ट्राइक द्यायचं शक्यतो टाळतो. तो स्ट्राइकसारखा दिसणारा चेंडू टाकतो आणि तुमच्या घाईची वाट बघतो. ती वेळ बहुतेकदा न मारलेल्या चेंडूवर निभावते, आणि चेंडू सोडायचा सराव मशीनसमोर होत नाही.

‘ह्याच्यात दम आहे, हा अडलेल्या वेळी मारतो’ हे वाक्य आपल्या मैदानांवर कायम ऐकू येतं. असा काही वेगळा गुण असतो का, हे अमेरिकेत आकड्यांवरून तपासून झालंय. १९७७ मध्ये रिचर्ड क्रेमर यांनी मोठ्या लीगमधल्या हिटरांचे १९६९ आणि १९७० हे दोन मोसम शेजारी ठेवून पाहिले. एका मोसमात मोक्याच्या वेळी चमकलेले हिटर पुढच्या मोसमात तसेच चमकले, असं काही दिसलं नाही. त्यावर अजून वाद चालतो, पण वर्षानुवर्षं टिकणारी मोठी अशी खास देणगी कुणाला ठळकपणे सापडलेली नाही. म्हणून या तासाकडं हिंमत मिळवायला जाऊ नये, बेत शिकायला जावं. कुठला चेंडू मारायचा, कुठला सोडायचा आणि दोन स्ट्राइक झाल्यावर (तिसऱ्याला आउट) काय बदलायचं, हा तो बेत.

आता टी. दहा मिनिटं पुरतात, पण लावलेली जागा चुकीची आहे. इथं टी थेट होम प्लेटच्या मधोमध ठेवलेली असते आणि पोरं प्लेटच्या रेषेतच उभी राहतात. त्यामुळं प्रत्येक चेंडू शरीराच्या फार जवळ, उशिरा लागतो. मधला चेंडू पुढच्या पायाच्या रेषेत लागायला हवा, आतला त्याच्याही पुढं, बाहेरचा थोडा मागं. तिथल्या कर्मचाऱ्याला सांगून टी पुढं सरकवून घ्या, किंवा तुम्हीच एक पाऊल मागं उभे राहा. गुडघ्याच्या उंचीवर दहा, कमरेच्या उंचीवर दहा, आणि बाहेरच्या कडेवर दहा एवढे चेंडू बास. नेटच्या दुसऱ्या टोकाला साधारण आठ फूट उंचीवर चिकटपट्टी लावलेली आहे, ती चांगली सोय. चेंडू सारखे पट्टीच्या खाली जमिनीवर आपटत असतील तर बहुधा मनगटं लवकर वळताहेत. वर छताच्या नेटमध्ये जात असतील तर मागचा खांदा पडतोय.

आपल्याकडं बेसबॉलला येणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी क्रिकेट खेळलेला असतो, आणि टीवर ते लगेच दिसतं. सरदार्स मैदानावरच्या टेनिसबॉल स्पर्धांत जो फटका चालतो, पुढचा पाय बाजूला काढून सगळं मिडविकेटच्या दिशेनं ओढणं, तो इथं घात करतो. बाहेरच्या कडेवरचा चेंडू तसा ओढला की बॅटचा शेंडा लागतो आणि उजव्या हाताच्या हिटरचा चेंडू लोळत थेट शॉर्टस्टॉपकडं (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) जातो. पहिल्या बेसवर रनर असेल तर दोन आउट एकदम. दुसरी खोड वजनाची. टप्पा पडून येणाऱ्या चेंडूला गाठायला क्रिकेटमध्ये वजन लवकर पुढं टाकतात. इथं टप्पा नाही, त्यामुळं पुढचा पाय टेकताना वजन अजून मागच्या पायावर असावं लागतं. पाय टेकणं आणि स्विंग सुरू होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकत्र झाल्या की चेंजअपसमोर (मुद्दाम हळू टाकलेला चेंडू) माणूस पुढं झुकून पडलाच म्हणायचा. टीवर थ्रोअर (तासाला चेंडू टाकणारा माणूस) हे बघतो आणि बोलतो, ही जमेची बाजू. ‘गडबड काय हाय रं, बॉल यायला लाग की’ हे त्याचं पालुपद आहे, आणि त्याहून नेमकी सूचना देता येत नाही.

टॉसबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पंधरा-अठरा फुटांवरून एल आकाराच्या जाळीमागून टाकतात. चेंडू कमानीत टाकला तर स्विंग वर उचलली जाते, म्हणून सपाट आणि जरा जोरात टाकायला सांगा.

मशीन मात्र समजून घेतलं पाहिजे. ते दोन चाकांचं आहे. वरच्या-खालच्या चाकांचा वेग वेगवेगळा ठेवला की चेंडू वळतो. क्रिकेटची खेळपट्टी स्टंपपासून स्टंपपर्यंत २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट. बेसबॉलमध्ये पिचरच्या पट्टीपासून होम प्लेटच्या मागच्या टोकापर्यंत ६० फूट ६ इंच. म्हणजे जागा पुरते, तरी इथं मशीन प्लेटपासून ४५ फुटांवर ठेवतात. त्यात चूक नाही, हिशेब मात्र करावा लागतो. पिचर पाय पुढं टाकून चेंडू सोडतो, म्हणजे प्रत्यक्षात साधारण ५५ फुटांवरून. ताशी १२९ किलोमीटरचा चेंडू ते अंतर जवळजवळ ०.४७ सेकंदात कापतो (हवेमुळं थोडा जास्त वेळ जातो, तो सोडून देऊ). ४५ फुटांवरून तेवढाच वेळ मिळायचा असेल तर मशीन ताशी १०५ वर लावावं लागतं. सगळ्यांना डायल १२५ वर हवा असतो, कारण व्हिडिओत ते भारी दिसतं. ४५ फुटांवरून १२५ म्हणजे हातात ०.४० सेकंदही नाहीत. ते ताशी दीडशेपेक्षा जास्त वेगाच्या पिचरसमोर उभं राहण्यासारखं झालं, आणि आपल्या पातळीवर तसा पिचर भेटत नाही. त्या वेगाला गाठायला पोरं स्विंग आखूड करतात, चेंडू न बघताच सुरुवात करतात, आणि सामन्यात साध्या चेंडूवर बरंच आधी बॅट फिरवून मोकळी होतात.

अंतर कमी केल्याचा आणखी एक तोटा आहे. दोन्ही ठिकाणी वेळ तेवढाच असल्यानं चेंडू तेवढाच खाली पडतो, पण इथं तो कमी अंतरात पडतो. म्हणजे तो जास्त तिरका खाली येतो. सपाट फास्टबॉलचा सराव इथं होत नाही. त्यामुळं मशीनवर सलग पंधरा मिनिटं घालवण्यापेक्षा आठ मिनिटं घ्यावीत आणि वाचलेली सात कार्डांना द्यावीत. विचारलं तर देतात.

दोन गोष्टी मशीनवर नेहमी बिघडतात. पहिली, चेंडू भराभर घालणं. एक चेंडू गेला की चाकांचा वेग उतरतो, तो परत चढायला काही सेकंद लागतात. मागून लगेच दुसरा घातला तर तो हळू आणि खाली येतो. हिटरला वाटतं आपला टायमिंग गेला. टायमिंग नसतो गेलेला, चाकं दमलेली असतात. दोन चेंडूंत सात-आठ सेकंद जाऊ द्या. दुसरी, ओल. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बेळगावची संध्याकाळ कशी असते ते सांगायला नको. खळगे असलेले मशीनचे चेंडू जरा ओले झाले की चाकांत घसरतात आणि अचानक गुडघ्याखाली किंवा थेट अंगावर येतात. टॉवेलनं चेंडू पुसणारा माणूस नसेल तर पावसाळी संध्याकाळी मशीन घेऊच नये.

मशीनला हात नसतो, हे तर आहेच. चेंडू घालणाऱ्यानं तो आधी वर धरून दाखवावा, मग हात खाली आणावा, मग सोडावा. हात खाली येताना हिटरनं मागं भरायचं (वजन मागच्या पायावर घेऊन हात मागं न्यायचे). इथला एक कर्मचारी हे नीट करतो, दुसरा मोबाइल बघत चेंडू ढकलतो. आधी विचारून पहिल्याची वेळ घ्या.

आता कार्डं. जाड पुठ्ठ्याची कार्डं आहेत. प्रत्येकावर किती आउट, कोण कुठल्या बेसवर, धावफलक काय आणि काउंट (या हिटरचे बॉल, म्हणजे झोनबाहेरचे सोडलेले चेंडू, आणि स्ट्राइक किती) काय, एवढं लिहिलेलं. थ्रोअर एल जाळीमागून साधारण ३५ फुटांवरून ताशी ऐंशीच्या आसपास टाकतो, आणि ते अंतर बघता वेळ खऱ्या पिचरइतकाच मिळतो. तो चेंडू मुद्दाम प्लेटबाहेरही टाकतो. मागं उभा दुसरा माणूस बॉल-स्ट्राइक पुकारतो. गुण फटक्याला नाहीत, निर्णयाला आहेत. चांगला चेंडू मारला किंवा वाईट सोडला की एक, वाईट चेंडूमागं गेलं की वजा एक. ही पद्धत ज्यानं बसवली त्याला खेळ कळतो.

काही कार्डं फार चांगली आहेत. तिसऱ्या बेसवर रनर, एक आउट, आणि इनफिल्ड (बेसजवळचे क्षेत्ररक्षक) प्लेटच्या दिशेनं आत आलेलं: हे कार्ड. इथं जमिनीवरचा साधा चेंडू थेट कुणाच्या तरी ग्लव्हमध्ये जातो आणि रनर होम प्लेटवर पकडला जातो. हवा असतो तो आउटफिल्डपर्यंत जाणारा उंच चेंडू, झेल झाला तरी रनर त्यावर धाव काढतो. म्हणून कमरेच्या वरचा चेंडू शोधायचा. पिचरला हे ठाऊक असतं, तो गुडघ्याखालीच टाकणार. दोन स्ट्राइक होईपर्यंत खालचा स्ट्राइकसुद्धा सोडायची तयारी लागते, आणि ती तयारी कार्डावर गुण मिळाल्याशिवाय येत नाही. याचंच जोडकार्ड: तसाच रनर, पण इनफिल्ड मागं उभं. आता ते एक धाव द्यायला तयार आहेत. शॉर्टस्टॉप किंवा सेकंड बेसकडं साधा लोळता चेंडू पुरतो, उगाच हवेत उडवायला जायचं नाही. चेंडू तोच, पिचर तोच, फक्त चार जण कुठं उभे आहेत त्यावर बेत उलटा होतो. चेंडू येण्याआधी इनफिल्डकडं नजर टाकणं ही सवय इथं लागते. शेवटच्या इनिंगला विजयाची धाव तिसऱ्या बेसवर असेल आणि दोन आउट झालेले नसतील, तर आउटफिल्डही आत येतं. त्यांच्या डोक्यावरून गेलेला चेंडू मग झेलायला कुणी नसतं. हे कार्ड त्यांच्याकडं नाही, असायला हवं.

दुसऱ्या बेसवर रनर, एकही आउट नाही, उजव्या हाताचा हिटर, हे कार्डही आहे. बाहेरचा चेंडू जरा जवळ येऊ द्यायचा आणि उजव्या बाजूला ढकलायचा. स्वतः आउट झालात तरी रनर तिसऱ्यावर जातो. क्रिकेटमधून आलेल्या पोरांना हे सगळ्यात जड जातं. विकेट गेली म्हणजे काम बिघडलं, हा तिथला संस्कार, आणि इथं चांगले हिटरही दहातल्या सात वेळा आउट होतात. आउट कसं व्हायचं हाही बेताचा भाग आहे.

काउंटबद्दलची त्यांची शिकवण निम्मी बरोबर आहे. प्लेट १७ इंच रुंद. चेंडू जवळजवळ ३ इंच जाड, आणि त्याची कड प्लेटवरून गेली तरी स्ट्राइक. म्हणजे राखायची रुंदी प्रत्यक्षात २२-२३ इंच होते. दोन बॉल, शून्य स्ट्राइक किंवा तीन-एक अशा काउंटला एवढं सगळं राखायची गरजच नाही. आठ-नऊ इंचांचा आपला आवडता पट्टा ठरवायचा, त्यातला फास्टबॉल आला तर पूर्ण ताकदीनं मारायचा, नाही तर सोडायचा. इथपर्यंत छान. घोळ पहिल्या चेंडूवर आहे. या तासात नियम केलाय की पहिला चेंडू सोडायचाच. पिचर भरकटलेला असेल, दोघांना वॉक (चार बॉल टाकून फुकटचा पहिला बेस) देऊन आला असेल, तर ठीक. एरवी अडलेल्या वेळी पहिलाच चेंडू कधीकधी सगळ्यात मारण्याजोगा असतो, कारण पिचरला काउंटमध्ये पुढं जायचं असतं. ८ जून १९९६ ला ओमाहामध्ये कॉलेज वर्ल्ड सिरीजच्या अंतिम सामन्यात लुइझियाना स्टेटचा संघ मायामीविरुद्ध ८-७ नं मागे होता. नवव्या इनिंगला दोन आउट, रनर तिसऱ्यावर. वॉरन मॉरिस प्लेटवर आला. हाताच्या हाडाच्या दुखापतीनं तो मोसमात बरेच सामने बाहेर होता, आणि त्या मोसमात त्याचा एकही होमरन नव्हता. पहिलाच चेंडू, तोही वळणारा, त्यानं उजव्या बाजूच्या कुंपणापलीकडं मारला आणि सामना ९-८ नं संपला. पहिला चेंडू सोडायचा नियम पाळला असता तर तो चेंडू कॅचरच्या हातात गेला असता. नियम करायचाच तर असा करा: पहिल्या चेंडूला पट्टा अगदी अरुंद ठेवा, पण बॅट तयार ठेवा.

दोन स्ट्राइक झाल्यावरचं प्रशिक्षण मात्र इथं चोख आहे. बॅटची मूठ एक इंच वरून धरायची, पाय थोडे जास्त फाकवायचे, पाऊल टाकायचं जवळजवळ बंद करायचं, प्लेटच्या थोडं जवळ सरकायचं. नजर बाहेरच्या अर्ध्यावर ठेवायची आणि आतला चेंडू फाउल करून (बाजूच्या रेषेबाहेर मारून) वाचायचं. फाउल म्हणजे अपयश नव्हे, पिचरला आणखी एक चेंडू टाकायला लावणं आहे. मोठ्या लीगमध्येसुद्धा दोन स्ट्राइक असताना हिटरांची सरासरी .२०० च्या खाली असते. म्हणून खरं काम तिथं पोचण्याआधीच्या चेंडूंवर करायचं. आणखी दोन नियम तिथं पुन्हा पुन्हा सांगतात, ते योग्यच. दोन स्ट्राइकवर बंट (बॅट न फिरवता नुसता टेकवलेला चेंडू) फाउल गेला की आउट. आणि तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून निसटला, पहिला बेस मोकळा असेल किंवा दोन आउट झालेले असतील, तर हिटरनं पळायचं. आउट झालो म्हणून बॅट टेकवून मान खाली घालणारे आपल्याकडं भरपूर, आणि चेंडू मागं जाळीजवळ पडलेला असतो.

पंचांचा झोन (स्ट्राइक धरायची जागा) हा कार्डाबाहेरचा विषय, पण इथं त्याचा सराव होऊ शकतो आणि होत नाही. नियमात झोन गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या कडेपासून खांदे आणि पँटची वरची कड यांच्या मध्यापर्यंत. आपल्या भागातल्या सामन्यांत पंच बाहेरचे दोन-तीन इंच जास्त देतात किंवा वरचं अजिबात देत नाहीत, असं बरेचदा होतं. पहिल्या इनिंगपासून ते लक्षात ठेवलं तर नवव्या इनिंगला दोन स्ट्राइकवर काय राखायचं ते कळतं. मागं पुकारणाऱ्या माणसाला दर कार्डगणिक झोन थोडा बदलायला सांगा, म्हणजे हा डोळा तयार होईल.

सगळ्यात मोठी उणीव वेगळीच आहे. इथला थ्रोअर प्रत्येक चेंडू पूर्ण हात-पाय उचलून, आरामात टाकतो. पहिल्या किंवा दुसऱ्या बेसवर रनर असताना पिचर सहसा तसं टाकत नाही. रनर पळेल म्हणून तो थांबलेल्या स्थितीतून, पाय जेमतेम सरकवून टाकतो. त्याच्या हालचालीच्या सुरुवातीपासून चेंडू कॅचरकडं पोचेपर्यंत साधारण १.३ सेकंद जातात, पाय उचलून टाकला तर बरेच जास्त. अटीतटीचे प्रसंग रनर असल्याशिवाय येतच नाहीत, म्हणजे ज्या हालचालीवर हिटरनं टायमिंग बसवायचा तीच इथं दिसत नाही. फक्त तिसऱ्यावर रनर असेल तर पिचर कधी आरामात टाकतो, तेवढा अपवाद. सांगितल्यावर थ्रोअर आखूड हालचालीनंही टाकतो, सांगावं मात्र लागतं. मागं भरणं मग आधी सुरू करावं लागतं. चेंडू येऊन पोचल्यावर पाय टेकत असेल तर तुम्ही त्याच्या आधीच्या लयीवर आहात.

कार्डावर पिचरची सवय लिहिलेली नसते, हेही खटकतं. १५ ऑक्टोबर १९८८ ला वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात पायांच्या दुखापतीमुळं धड चालता न येणारा कर्क गिब्सन डेनिस एकर्स्लीसमोर उभा राहिला. गिब्सनच्या डॉजर्स संघाचा स्काउट (समोरच्या संघाचा अभ्यास करणारा) मेल डिडिए याने आधीच सांगून ठेवलं होतं की तीन-दोन काउंटला डावखुऱ्याला एकर्स्ली बाहेरून आत वळणारा स्लायडर टाकतो. तसाच आला, आणि होमरन गेला. आपल्या पातळीवर स्काउट नाहीत, पण रांगेत थांबलेला पुढचा हिटर डोळे उघडे ठेवून उभा असेल तर एवढं कळतंच: रनर आल्यावर पिचर पहिला काय टाकतो, मागे पडला की कशाकडं वळतो. प्रत्येक कार्डाच्या खाली अशी एक ओळ घाला, थ्रोअर तसं टाकेल, आणि वीस मिनिटांची किंमत दुप्पट होईल.

श्वासाचं एक छोटं शिक्षण शेवटी देतात. एक पाय बॉक्समध्येच (हिटरच्या उभं राहायच्या चौकटीत) ठेवून दुसरा बाहेर काढायचा, बॅटवरच्या एका ठिपक्याकडं बघायचं, आत घेतलेल्यापेक्षा जास्त वेळ श्वास सोडायचा, आणि मग बेत एका ओळीत मनात म्हणायचा: ‘कमरेच्या वर, मधला’. बस. पकड दहापैकी तीन-चार एवढीच घट्ट ठेवायची. मुठी आवळल्या की कोपरापासूनचे स्नायू आवळतात आणि बॅट उशिरा फिरते. हे बरोबर आहे, पण ते शंभर चेंडू मारून अंग तापल्यावर शिकवतात. सामन्यात हिटर अर्धा तास बाकावर बसून थंड अंगानं येतो. म्हणून तास संपायच्या आधी दहा मिनिटं खुर्चीत बसा, मग एकच कार्ड, एकच पाळी, जे होईल ते. एवढ्या एका पाळीत श्वासाची परीक्षा होते.

सामानाबद्दल. तिथल्या बॅटी वापरू नका. बहुतेक सॉफ्टबॉलच्या आहेत, सव्वादोन इंच जाडीच्या, हलक्या. बेसबॉलच्या चेंडूनं त्या चेपतात, आणि दोनशे ग्रॅम हलक्या बॅटवर बसलेला टायमिंग खऱ्या बॅटवर उशिरा पडतो. अमेरिकन कॉलेजात २०११ पासून बीबीकॉर प्रमाण चालतं. चेंडूला बॅटकडून मिळणाऱ्या उसळीची मर्यादा ०.५०, जाडी जास्तीत जास्त २ पूर्णांक ५/८ इंच, आणि औंसातलं वजन इंचातल्या लांबीच्या आकड्यापेक्षा फार तर तीननं कमी. ३३ इंची बॅट असेल तर किमान ३० औंस, म्हणजे साधारण ८५० ग्रॅम. स्पर्धेचा नियम काय आहे ते विचारून तशीच बॅट आणा. गावातल्या दुकानात ‘बेसबॉल बॅट’ म्हणून मिळते ती बहुतेकदा गाडीच्या सीटखाली ठेवायला घेतलेली चीज असते, खेळायला नव्हे. कंपोझिट बॅट असेल तर मशीनच्या खळगेदार चेंडूंवर वापरू नका, काही कंपन्या त्यामुळं वॉरंटी नाकारतात. आणि डिसेंबरच्या पहाटे, पारा पंधराच्या खाली असताना, ती टीवरसुद्धा काढू नका. थंडीत तिला तडे जातात. हेल्मेट दोन्ही कानांचं असलेलं तिथं आहे, पण आकार दोनच, म्हणून स्वतःचं असेल तर न्या.

निवडीला जेमतेम महिना उरलाय, स्विंग बरी आहे पण अडलेल्या वेळी घाई होते, अशा खेळाडूनं हा तास घ्यावा. ज्याची स्विंगच अजून बसलेली नाही, त्यानं लेले मैदानावर एक टी आणि जुने चेंडू घेऊन महिनाभर टीवरच काढावा, त्याला कार्डं घाईची आहेत. दोघांनी मिळून एक तास घेणं सगळ्यात फायद्याचं. एक खेळत असताना दुसरा मागं उभा राहून बॉल-स्ट्राइक पुकारतो आणि त्याचा झोनचा डोळा फुकटात तयार होतो. सकाळी सातची वेळ मागा. चेंडू कोरडे असतात, थ्रोअरचा खांदा ताजा असतो, आणि शेजारच्या लेनमध्ये टेनिसबॉलचा गोंधळ सुरू झालेला नसतो. बुकिंग करतानाच तीन गोष्टी सांगून ठेवा: मशीन ताशी १०५ वर, आठच मिनिटं, आणि कार्डांना थांबलेल्या स्थितीतून टाकणं.